मलावीच्या मंडळीभेटीत आरोग्य व स्वच्छतेचे वर्ग : पंधरा दिवसांत काय शिकवावे आणि कसे?

प्रश्न : रविवारशाळेची_शिक्षिका

जय ख्रिस्त. येत्या जुलैमध्ये आमच्या मंडळीतील आठ जण पंधरा दिवसांसाठी आफ्रिकेतील मलावीला जाणार आहेत. दक्षिण मलावीत, मलावी सरोवराच्या खालच्या टोकाकडील एका ग्रामीण मंडळीने आम्हांला बोलावले आहे. सकाळी चर्चच्या आवारातील बांधकामाला हातभार लावायचा, दुपारी स्त्रिया व शाळकरी मुले यांच्यासाठी आरोग्य व स्वच्छतेचे वर्ग घ्यायचे आणि संध्याकाळी उपासना, असा कार्यक्रम ठरला आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि मुलांपुढे बोलण्याची मला सवय आहे, एवढ्याच कारणाने या वर्गांची जबाबदारी माझ्याकडे आली. माझे वैद्यकीय शिक्षण झालेले नाही.

तयारीला लागल्यावर विषयांची यादी वाढतच गेली. हात धुणे, दात घासणे, पिण्याचे पाणी, शौचालयाचा वापर, जंत, हिवताप, आहार, मासिक पाळीतील स्वच्छता असे मिळून दहा वर्ग मी आखले असून त्यांसाठी चाळीस तक्ते रंगवून ठेवले आहेत. मंडळीच्या दानार्पणातून प्रत्येक मुलासाठी टूथब्रश, साबण आणि सॅनिटायझरची लहान बाटली असलेली एक पिशवी न्यायची आहे. आमच्यातील एका बंधूंचे औषधांचे दुकान आहे. जंतांच्या आणि जुलाब थांबवण्याच्या गोळ्या सोबत नेऊन तेथे वाटाव्यात, असा त्यांचा आग्रह आहे.

परंतु गेल्या आठवड्यात त्या भागाविषयी वाचताना माझे मन अस्वस्थ झाले. मार्च २०२२ मध्ये मलावीत कॉलऱ्याची साथ जाहीर झाली, ती दक्षिणेकडील माचिंगा जिल्ह्यातून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. ५८,००० हून अधिक लोकांना तिची लागण झाली आणि १,७०० हून अधिक माणसे दगावली. माझ्यापुढे बसणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येकींनी ती साथ डोळ्यांनी पाहिलेली असणार आणि एखादीने घरातले माणूसही गमावलेले असणार. त्यांच्यासमोर उभे राहून, हातात रंगीत तक्ता धरून, ‘जेवणापूर्वी हात धुवा’ असे मी कोणत्या तोंडाने सांगावे, हे मला कळेनासे झाले आहे. न शिकवता परत यावे, असे मात्र वाटत नाही, कारण त्या मंडळीने स्वतःहून हे वर्ग मागितले आहेत. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी पंधरा दिवसांत काय शिकवणे शक्य असते, काय मुळीच करू नये आणि शिकवलेले मागे टिकावे यासाठी काय करावे, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : जुनी_परिचारिका

ताई, मलावीत आणि नंतर शेजारच्या झांबियात मिशन रुग्णालयांमध्ये परिचारिका म्हणून मी मिळून अकरा वर्षे काम केले आहे. तुमच्या मनात आलेला प्रश्न माझ्या मनात पहिल्या वर्षी आला असता तर बरे झाले असते. तो आला नाही, आणि त्यामुळे माझ्या पहिल्या वर्गात काय घडले ते आधी सांगते.

चर्चच्या व्हरांड्यात चाळीसेक माता बसल्या होत्या. हात केव्हा धुवावेत, असे मी विचारले आणि त्यांनी एका सुरात उत्तर दिले: शौचास जाऊन आल्यावर, मुलाची शी धुतल्यावर, स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी, बाळाला भरवण्यापूर्वी. एकही वेळ त्यांनी गाळली नाही. मी मनातल्या मनात सुखावले. वर्ग संपल्यावर मी त्याच आवारातील शौचालयाकडे गेले, तेव्हा तेथे पाण्याचा थेंब नव्हता आणि साबणाचा तुकडाही नव्हता. सर्वांत जवळचा हातपंप टेकडीच्या पायथ्याशी होता. माझ्या आधी तेथे किती जणांनी तोच वर्ग घेतला असेल, हे मला त्या क्षणी उमगले. त्यांना ठाऊक नव्हते असे त्यात काहीच नव्हते. नव्हते ते पाणी, आणि ते रोज वाहून आणण्याची व्यवस्था.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की दहा विषयांमधून आठ काढून टाकावेत. हात धुणे आणि जुलाब झालेल्या मुलाला घरी द्यायचे पाणी, या दोनच गोष्टी घ्याव्यात, त्या पुनःपुन्हा घ्याव्यात आणि प्रत्यक्ष करवून घ्याव्यात. तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा एक धडा पक्का होईपर्यंत पुढचा घ्यायचा नसतो, हे तुम्हांला माझ्याहून अधिक कळते.

यासंबंधी बांगलादेशातील एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १९८० ते १९९० या काळात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन एक कोटीहून अधिक मातांना जुलाबावरील मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले. कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे पुरी केली यावर ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसरी व्यक्ती काही घरी जाऊन आईला किती आठवते आणि तिने केलेले पाणी बरोबर उतरते का, हे तपासत असे आणि त्यावर मोबदला ठरे. तरीही सुरुवातीला असे आढळले की मातांना कृती येत होती, परंतु मूल आजारी पडल्यावर फारच थोड्या घरांत ते पाणी दिले जात होते. शोध घेतला तेव्हा शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर पुरता विश्वास नाही, असे दिसून आले, आणि घरातील पुरुषांशी तर कोणी बोललेच नव्हते. या दोन्ही चुका सुधारल्यावर काम पुढे सरकले. तुमच्या वर्गालाही हीच कसोटी लावावी. ‘समजले का?’ असे कधीही विचारू नये, कारण पाहुण्याला ‘नाही’ म्हणणे कोणत्याच गावात शिष्टाचाराचे मानले जात नाही. त्याऐवजी ‘आता तुम्ही मला करून दाखवा’ असे म्हणावे आणि गप्प राहून पाहावे.

घरचे पाणी असे करतात: पिण्यायोग्य केलेले एक लिटर पाणी, त्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अधिक पडल्यास मुलाला अपाय होतो, म्हणून तेथील घरांत जो चमचा असतो त्याच चमच्याने मोजायला शिकवावे. तुमच्या सामानातील चमचा तुमच्याबरोबर परत येणार आहे. आरोग्य केंद्रातील ओआरएसचे पाकीट मिळत असेल तर तेच उत्तम, हेही आवर्जून सांगावे. आणि तांदळाच्या पेजेसारखे पांढुरके पातळ जुलाब सुरू झाले, मूल मलूल झाले किंवा डोळे खोल गेले, तर घोट घोट पाणी पाजत पाजत तत्काळ केंद्र गाठायचे, कारण कॉलऱ्यात माणूस काही तासांत हाताबाहेर जातो.

हात धुण्याविषयी कोणाला शंका असेल तर कराचीच्या वस्त्यांमध्ये झालेला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगावा. ज्या घरांना साबण देऊन दर आठवड्याला भेटून हात धुण्यास प्रवृत्त केले गेले, त्या घरांतील पाच वर्षांखालील मुलांमध्ये न्यूमोनिया निम्म्याने कमी झाला आणि जुलाबही जवळपास तितकेच घटले. जंतुनाशक साबण आणि साधा साबण यांच्या परिणामात फरक आढळला नाही. त्यामुळे सॅनिटायझरच्या बाटल्या नेऊ नयेत. त्या पंधरा दिवसांत संपतील, मळलेल्या हातांवर त्यांचा उपयोग कमी होतो आणि खरा उपाय बाहेरून येणाऱ्या बाटलीत असतो, अशी समजूत मागे राहील. गावाच्या बाजारात मिळणारा साधा साबण तेथेच विकत घ्यावा.

एक बारीक गोष्ट सांगते, कारण ती कोणत्याही तक्त्यावर सापडणार नाही. तेथील रोजचे अन्न म्हणजे मक्याच्या पिठाची न्सिमा, आणि ती हातानेच खातात. जेवणाआधी हात धुण्याची रीत घरोघर आहे, परंतु बऱ्याच ठिकाणी एकच पसरट भांडे फिरते आणि त्यातील त्याच पाण्यात सर्व जण हात बुडवतात. शेवटच्या माणसाच्या हाताला आधीच्या सर्वांच्या हातांवरचे लागते, आणि शेवटी बहुधा मुलेच असतात. रीत मोडण्याची गरज नाही. भांड्यात हात बुडवण्याऐवजी एकाने तांब्यातून पाणी ओतायचे आणि दुसऱ्याने खाली हात धरायचे, एवढाच बदल पुरतो. तोही तुम्ही सुचवू नये. तेथील एखाद्या आजीने आपल्या घरी करून दाखवावा.

त्यासाठी तेथील आरोग्य कार्यकर्त्यांना आधीच गाठा. मलावीत गावपातळीवर सरकारी पगारावर काम करणारे ‘हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट’ असतात, ज्यांना सर्वत्र एचएसए म्हणतात. साधारण हजार लोकांमागे एक असावा, असे धोरण असले तरी प्रत्यक्षात एकेकाकडे त्याहून कितीतरी अधिक लोक असतात. साथीच्या काळात हीच माणसे घरोघर क्लोरीन घेऊन फिरत होती. त्यांना न कळवता तुम्ही वर्ग घेतला आणि एखाद्या गोष्टीत त्यांच्याहून वेगळे सांगितले, तर तुम्ही निघून गेल्यावर लोकांचा त्यांच्यावरील विश्वास कमी होतो आणि ते नुकसान भरून काढायला वर्षे लागतात. मिशनची बहुतेक रुग्णालये १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ मलावी’ या संघटनेशी जोडलेली आहेत, तेव्हा तुमच्या यजमान पाळकांना जवळचे केंद्र कोणते हे विचारा आणि जाण्यापूर्वीच पत्र पाठवा. शक्य असेल तर वर्ग त्या एचएसएने घ्यावा आणि तुम्ही त्याला साहाय्य करावे.

भाषेची चौकशीही आधीच करा. तुम्ही जाणार त्या पट्ट्यात चिचेवा चालते, तरी अनेक घरांत चियाओ बोलली जाते, आणि म्हाताऱ्या स्त्रियांना वर्गातील भाषांतर अर्धेच कळत असेल तर ते तुमच्या लक्षातही येणार नाही. ‘मांजा’ म्हणजे हात, ‘माद्झी’ म्हणजे पाणी, ‘सोपो’ म्हणजे साबण, एवढे शब्द तुम्ही स्वतः शिकून जा. कोणाच्याही अंगणात शिरण्यापूर्वी बाहेर थांबून ‘ओदी’ अशी हाक द्यायची आणि आतून ‘ओदिनी’ आल्यावरच पुढे व्हायचे.

औषधांबाबत मात्र मी कठोरपणे लिहिते. त्या बंधूंनी गोळ्या नेऊ नयेत. मलावीत रुग्णाला औषध देण्यासाठी तेथील वैद्यकीय व औषधविषयक नोंदणी लागते, आणि ते क्षणभर बाजूला ठेवले तरी, लहान मुलाचे जुलाब थांबवण्याच्या गोळ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात. जंतांच्या गोळ्या शाळांमधून सरकारी मोहिमेत दिल्या जातात. जस्ताच्या गोळ्या जुलाबावर उपयोगी आहेत, परंतु त्या वय पाहून दहा ते चौदा दिवस द्यायच्या असतात आणि ते काम एचएसएचे आहे. फार तर त्या बंधूंनी जवळच्या केंद्राला आधी विचारून, त्यांनी मागितलेली वस्तू रीतसर त्यांच्या स्वाधीन करावी.

आणि स्वतःच्या स्वच्छतेचे भान सर्वांत आधी. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत कॉलरा आला, त्यापूर्वी निदान शंभर वर्षे तो त्या देशात नोंदला गेला नव्हता. मदतीसाठी आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरील मैला नदीत मिसळून तो पसरला. आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले, सुमारे दहा हजार मरण पावले आणि डिसेंबर २०१६ मध्ये महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. त्या सैनिकांच्या मनात काही वाईट नव्हते. तुमच्या आठ जणांपैकी कोणाचे पोट बिघडले असेल तर त्याने स्वयंपाकघरात जाऊ नये, मुलांना भरवू नये आणि यजमानांना तसे स्पष्ट सांगावे. तुम्ही राहाल तेथे शौचालयाजवळ पाणी आणि साबण पहिल्याच संध्याकाळी ठेवा. लोक तुमचे तक्ते पाहतील त्याहून अधिक तुमचे हात पाहतील.

प्रतिसाद : विहीर_आणि_पंप

मी गेली काही वर्षे ग्रामीण पाणीपुरवठ्याचे काम करतो आणि त्यातील काही काळ आफ्रिकेत गेला आहे. वरील प्रतिसादात भर म्हणून पाण्यापुरतेच लिहितो.

शौचालयाजवळ पाणी ठेवण्यासाठी ‘टिपी टॅप’ हे साधन शिकवावे, असे सुचवतो. झिंबाब्वेत जिम वॉट या डॉक्टरांनी ते प्रचारात आणले, असे मानले जाते. पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन दोन खांबांमधील आडव्या काठीला टांगतात, त्याच्या वरच्या बाजूस खिळ्याने लहान भोक पाडतात आणि तोंडाला बांधलेली दोरी जमिनीवरील काठीला जोडतात. पायाने काठी दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार येते. कॅनला हाताचा स्पर्शच होत नाही आणि पाणी तर इतके थोडे लागते की पंप लांब असलेल्या गावातही ते परवडते. साबणाला भोक पाडून तो शेजारी दोरीने लटकवतात. ते सगळे साहित्य गावातच मिळते आणि दहा-बारा वर्षांची मुले तासाभरात ते उभे करू शकतात. मुलांच्या वर्गाला तक्त्यांपेक्षा हे काम द्यावे.

मात्र मी पाहिलेल्या टिपी टॅपपैकी बरेच काही महिन्यांत कोरडे पडले होते. दोरी तुटली होती, कॅन कोणीतरी रॉकेलसाठी नेला होता, आणि मुख्य म्हणजे रोज सकाळी पाणी कोणी भरायचे, हे कधी ठरलेलेच नव्हते. उभारणी हे सोपे काम आहे. ज्या दिवशी पहिला टॅप उभा राहील त्याच दिवशी तो भरणाऱ्याचे नाव ठरले पाहिजे, आणि ते नाव तुमच्यापैकी कोणी सुचवू नये.

पिण्याच्या पाण्याबद्दल ‘उकळून प्या’ एवढे सांगून थांबू नये. पाणी खळखळून एक मिनिट उकळले की पुरते, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे. परंतु ज्या घरात सरपण आणण्यासाठी बाईला निम्मा दिवस चालावे लागते, तेथे हा सल्ला तिच्या अंगावर ओझे टाकतो. क्लोरीन स्वस्त आणि सोपे आहे. प्रमाण बाटलीवर दिलेलेच पाळावे, कारण प्रत्येक द्रावणाची तीव्रता निराळी असते, आणि पाणी पिण्यापूर्वी अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यावर क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून ते आधी निवळू द्यावे आणि कापडाने गाळावे. काहीच नसेल तर दोन लिटरपर्यंतची पारदर्शक प्लास्टिकची बाटली भरून ती भर उन्हात सहा तास आडवी ठेवावी, आभाळ असेल तर सलग दोन दिवस.

पाणी शुद्ध करून ते रुंद तोंडाच्या बादलीत ठेवले आणि पेला बुडवून काढले तर केलेले सगळे वाया जाते. झाकण आणि तोटी असलेले भांडे ही एका घरासाठी मोठी खरेदी असते, तरी चर्च आणि शाळा यांसाठी तुमच्या दानार्पणातून ती करता येईल.

उपप्रश्न : रविवारशाळेची_शिक्षिका

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. चाळीस तक्त्यांपैकी बहुतेक मी बाजूला ठेवले आहेत. औषधांच्या बंधूंशीही बोलणे झाले; त्यांना वाईट वाटले, परंतु हैतीची हकिकत वाचल्यावर त्यांनी आग्रह सोडला.

आता एक वेगळी अडचण उभी राहिली आहे. आमच्या गटातील काहींचे म्हणणे असे की आरोग्याच्या वर्गात शेवटी सुवार्ता सांगितली नाही तर आपण मंडळी म्हणून जाण्याला अर्थ काय, आणि जे संध्याकाळच्या उपासनेला थांबतील त्यांनाच साबणाची पिशवी द्यावी. मला ही अट बोचते, परंतु का बोचते ते नीट मांडता येत नाही. त्या पट्ट्यात मुस्लीम घरेही बरीच आहेत, असे कळले. शिवाय पवित्र शास्त्रातील कोणता भाग हात धुण्याच्या धड्याला जोडावा, हेही ठरत नाही.

प्रतिसाद : ग्रामीण_पाळक

प्रिय भगिनी, तुम्हांला जे बोचते ते बरोबर बोचते. साबणावर उपासनेची अट घातली की साबण न मिळालेल्या घरातील मूल आजारी राहते आणि त्या मुलाचे हात उपासनेला थांबलेल्या मुलाच्या हातात असतात. रोग घरांचा धर्म पाहत नाही. एवढे व्यावहारिक कारणही पुरेसे आहे, परंतु आणखी एक कारण आहे. १९९४ मध्ये रेडक्रॉस चळवळीने आणि मदतकार्य करणाऱ्या संस्थांनी जी आचारसंहिता स्वीकारली, तिच्यात गरजेनुसारच मदत द्यावी आणि एखाद्या धार्मिक मताच्या प्रसारासाठी तिचा वापर करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. ती सिद्ध करणाऱ्यांमध्ये जागतिक चर्च परिषद, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅरितास या ख्रिस्ती संस्थाही होत्या. म्हणजे ही मर्यादा बाहेरच्या कोणी आपल्यावर लादलेली नाही. आपल्याच वडीलधाऱ्यांनी ती अनुभवातून घालून घेतली आहे. सुवार्तेसाठी तुमची संध्याकाळ आहे, तेथे जो येईल तो स्वतःच्या इच्छेने येईल.

मुस्लीम घरांविषयी एक गोष्ट ध्यानात असू द्या. नमाजापूर्वी दिवसातून पाच वेळा वाहत्या पाण्याने हात, तोंड व पाय धुण्याची त्यांची शिस्त आहे. त्यासाठी वापरला जाणारा झारीसारखा लोटा हात धुण्याच्या धड्यासाठी सर्वोत्तम साधन आहे. त्या स्त्रियांनी तुमच्या वर्गात येऊन तो कसा वापरतात हे दाखवले, तर शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण, हा प्रश्नच उरणार नाही.

शास्त्रवचनांबाबत सावध राहा. हात धुण्याचा विषय शुभवर्तमानात प्रत्यक्ष येतो तो मार्कच्या सातव्या अध्यायात, आणि तेथे न धुतलेल्या हातांनी जेवणाऱ्या शिष्यांवर आक्षेप घेणाऱ्यांना प्रभूने उत्तर दिले आहे. तो भाग विधीच्या शुद्धतेविषयीचा आहे, जंतूंविषयीचा नव्हे. परंतु तुमच्या वर्गातील एखादा जाणकार मनुष्य तो पुढे करेल तेव्हा तुम्हांला उत्तर ठाऊक हवे. मैला मातीने झाकण्याचा नियम हवा असेल तर जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात छावणीबाहेर खड्डा खणण्यास सांगितले आहे, तो शौचालयाच्या धड्याला सरळ जुळतो.

मला स्वतःला योहानाचा नववा अध्याय सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, आणि प्रभू दोन्ही नाकारतो. साथीत मूल गमावलेल्या आईच्या मनात हाच प्रश्न रात्रंदिवस असतो. आपण ‘स्वच्छता पाळली असती तर’ असे वाक्य उच्चारले की आपण तो दोष तिच्या पदरात टाकतो. शौचालयांच्या प्रसारासाठी लोकांना लाज वाटायला लावण्याच्या पद्धती काही देशांत वापरल्या गेल्या आहेत. गावातल्या गावात त्यांचा उपयोग झाला असेल, परंतु विमानाने आलेल्या पाहुण्याने त्या वापरणे मला क्रूरपणाचे वाटते. ती साथ वादळांमुळे पुरात बुडालेल्या विहिरी व शौचालयांमधून पसरली. जानेवारी २०२२ मधील ‘आना’ आणि मार्चमधील ‘गोम्बे’ ही वादळे कोणा आईने आणली नव्हती, हे वर्गाच्या आरंभीच म्हणावे.

आणि आपल्या पूर्वसुरींचे स्मरण ठेवावे. १८७५ मध्ये स्कॉटलंडच्या मिशनने याच सरोवराच्या दक्षिण काठावर, केप मॅक्लिअर येथे आपले पहिले ठाणे वसवले. त्यांच्यात डॉक्टर रॉबर्ट लॉज होते. तरीही हिवतापाने इतके सहकारी गेले की १८८१ मध्ये ठाणे हलवावे लागले, कारण डास हा वाहक आहे हे १८९७ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. श्रद्धा आणि पदवी असूनही त्यांना त्या भूमीवर शिकावे लागले, तसे आपल्यालाही लागेल.

प्रतिसाद : जुनी_परिचारिका

पाळकसाहेबांनी केप मॅक्लिअरचा उल्लेख केला, त्यावरून एक तातडीची सूचना राहिली होती ती आठवली. तुमच्या गटाला सरोवरात बाप्तिस्मा द्यावा किंवा पोहावे, असे नक्की वाटेल. त्या उथळ काठाच्या पाण्यातील गोगलगायींमधून बिल्हार्झिया या आजाराचे कृमी बाहेर पडतात आणि अखंड त्वचेतूनही शरीरात शिरतात. पाणी स्वच्छ, निळे दिसते, म्हणून कोणाचाच विश्वास बसत नाही. शक्यतो पाण्यात उतरू नका. उतरलात तर परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्या, कारण त्याआधी ती चुकीने निर्दोष येऊ शकते. रात्री मच्छरदाणी आणि हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या याबाबत जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मासिक पाळीचा वर्ग तुम्ही अजून यादीत ठेवला असेल तर तो काढा किंवा तेथील स्त्रियांच्या हाती सोपवा. वयात येणाऱ्या मुलींना शिकवण देणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांना तेथे ‘नामकुंग्वी’ म्हणतात, आणि हा विषय त्यांच्या अधिकारातला आहे. धुऊन पुन्हा वापरण्याजोगी कापडी पॅड शिवायला तुमच्यातील कोणाला येत असेल, तर त्या बोलावतील तेव्हा जाऊन शिवणकाम दाखवावे. पुरुष आणि कॅमेरा दोन्ही त्या खोलीपासून दूर असावेत.

अद्यतन : रविवारशाळेची_शिक्षिका

पिशव्यांचा बेत रद्द झाला. अटीचा प्रश्नही त्याबरोबर संपला, कारण आता साबण चर्च आणि शाळा यांच्या शौचालयांजवळ सर्वांसाठीच राहणार आहे.

मी यजमान पाळकांना पत्र पाठवून दोनच गोष्टी विचारल्या: तुमच्या भागाचे एचएसए आमच्याबरोबर वर्ग घेतील का, आणि चर्चच्या शौचालयाजवळ रोज सकाळी पाणी कोण भरू शकेल. उत्तर चार दिवसांनी आले. त्यांच्या मंडळीतील ‘म्व्हानो’ हा स्त्रियांचा संघ आठवड्याच्या पाळ्या लावून चर्च झाडतो. पाणी भरण्याचे काम त्याच पाळीत घालण्यास त्या तयार आहेत. एचएसए बुधवारी येतील, कारण उरलेल्या दिवशी त्यांना इतर गावे आहेत, तेव्हा आमचा मोठ्यांचा वर्ग दोन्ही आठवड्यांत बुधवारीच होईल. स्त्रियांनी आमच्याकडे एकच वस्तू मागितली आहे: झाकण आणि तोटी असलेला मोठा पिंप, आणि तो तेथल्याच बाजारातून आणावा, म्हणजे तोटी मोडली तर बदलून मिळेल. पैसे मी बाजूला काढून ठेवले आहेत. आता ‘मांजा’, ‘माद्झी’ आणि ‘सोपो’ यांचे उच्चार कोणी बोलून पाठवले तर मी रोज सराव करीन.